जाताना २३ दिवस, परतताना तीन महिने

प्रश्न : वास्को द गामा आफ्रिकेहून कालिकतला २३ दिवसांत पोचला आणि परत जाताना तोच समुद्र पार करायला त्याला तीन महिने लागले असं वाचलं. जहाजं तीच, माणसं तीच, मग एवढा फरक का पडला? आणि त्याला वाट दाखवणारा कोण होता? (एक वाचक, देवगड)

उत्तर : प्रश्न देवगडहून आलाय म्हणून जास्तच आनंद झाला, कारण ह्याचं उत्तर तुमच्या बंदरावरच्या जुन्या खलाशांना आजही माहितीये. सगळा खेळ वाऱ्याचा. गामा २४ एप्रिल १४९८ ला आफ्रिकेतल्या मालिंदीहून निघाला आणि २० मे ला कालिकतजवळ पोचला (तुमचे २३ दिवस म्हणजे मध्ये जमीन दिसली नाही तेवढे दिवस), म्हणजे नैऋत्येचा वारा नुकताच धरत होता, पावसाळ्याचा जोर अजून यायचा होता, आणि जहाजावर मालिंदीच्या राजाने दिलेला वाटाड्या होता ज्याला ही वेळ बरोब्बर ठाऊक होती. हा वाटाड्या म्हणजे प्रसिद्ध अरब दर्यावर्दी इब्न माजिद असं बऱ्याच पुस्तकांत छापलंय पण आता बहुतेक अभ्यासक ते मानत नाहीत, नंतरच्या पोर्तुगीज बखरकारांनी तो गुजराती मुसलमान असल्याचं लिहिलंय आणि मला तेच जास्त पटतं, कारण गुजरातचे व्यापारी तेव्हा मालिंदीला नेहमी येत-जात होते.

आता परतीचं बघा. कालिकतला तिथल्या राजाशी, सामुतिरीशी, जकातीवरून वाजलं, माणसं अडकवली गेली, आणि गामा ऑगस्टच्या शेवटी तिथून निघाला. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जहाजांची डागडुजी केली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला थेट आफ्रिकेकडे शीड सोडलं. इथेच चुकलं! नैऋत्येचा वारा संपलेला आणि ईशान्येचा अजून धरलेला नाही, त्या दिवसांत वारा एकतर पडलेला असतो नाहीतर उलटा असतो, आपल्याकडचे आणि अरबांचे लोक ह्या वाटेला नोव्हेंबर-डिसेंबरच्या आधी जायचेच नाहीत. ताजं अन्न नाही म्हणून स्कर्व्ही लागला, हिरड्या सुजून दातांवर चढल्या, खाता येईना. ह्या एका टप्प्यात ३० माणसं गेली, एकेका जहाजावर काम करू शकणारी सात-आठ माणसं उरली. जानेवारी १४९९ मध्ये मालिंदीला पोचल्यावर आजाऱ्यांसाठी आधी संत्री मागवली, ती आलीही, पण बऱ्याच जणांना उशीर झाला होता. माणसंच पुरेनात म्हणून सांव राफाएल हे जहाज त्यांनी स्वतःच जाळलं. लिस्बनहून निघालेल्यांपैकी निम्मेसुद्धा घरी पोचले नाहीत, हे वाचताना मला दर वेळी त्या साध्या खलाशांचंच वाईट वाटतं.

पण पोर्तुगीज शिकले. पुढे त्यांचे ताफे लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघायचे आणि कोचीहून मिरी भरून डिसेंबर-जानेवारीत परत फिरायचे. वाऱ्यासाठी त्यांचा 'मोन्सांव' हा शब्दही अरबी 'मौसिम'वरूनच आलाय, आपला मोसम पण तिथलाच.

प्रश्न : गामा आफ्रिकेचा किनारा धरून खाली का गेला नाही? (एक विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : कारण खालच्या अर्ध्या किनाऱ्याला वारा आणि प्रवाह दोन्ही समोरून येतात, गामाच्या आधी आफ्रिकेचं टोक ओलांडलेल्या बार्तोलोमेउ दियाश ह्या पोर्तुगीज दर्यावर्दीला ते सोसावं लागलं होतं. म्हणून गामा केप व्हर्दे बेटांनंतर मुद्दाम आत, अटलांटिकमध्ये वळला, पार दक्षिणेला जाऊन पश्चिमेचा वारा पकडला आणि मग आफ्रिकेकडे आला. केप व्हर्देहून ३ ऑगस्ट १४९७ ला निघाल्यावर जमीन दिसली ती थेट ४ नोव्हेंबरला. कोलंबसला कॅनरी बेटं सोडल्यावर पाचच आठवड्यांत जमीन दिसली होती, आणि तरी त्याची माणसं घाबरून कुरकुरत होती. ह्याच वळणावरून जाताना १५०० साली काब्राल ह्या पोर्तुगीज कप्तानाचा ताफा अजून थोडा पश्चिमेला गेला आणि ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला.