तांब्याच्या स्कार्नवर आधीच्यांनी बोअर मारून सोडलेली जागा पुन्हा तपासावी का?

तुमच्या जागेवर तांब्याचा स्कार्न आहे, म्हणजे गरम मॅग्मा चुनखडीत घुसल्यावर तिच्या कडेला तयार झालेला, खनिजांनी भरलेला खडक. तिथे मॅग्नेटिक सर्व्हे (खडकांच्या चुंबकत्वाची मोजणी) आधी करावा की आयपी (जमिनीत वीज सोडून सल्फाइड खनिजं शोधण्याची पद्धत), असं तुम्ही विचारलंय. पण मी अडकलो ते प्रश्नातल्या पुढच्या ओळीवर: ‘आधी तीन कंपन्यांनी ड्रिलिंग करून जागा सोडली, म्हणजे तिथे फारसं काही नसावं.’ हे वाक्य ऐकून माझे कान किटलेत. कंपनी जागा सोडते त्याला छप्पन्न कारणं असतात. तांब्याचा भाव पडतो, पैसे आटतात, कराराची मुदत संपते, वरचा माणूस बदलतो. यातल्या एकाचाही खडकाशी संबंध नाही.

इंडोनेशियाच्या पापुआतला एर्ट्सबर्ग घ्या. हा तांब्याचा स्कार्न डच भूवैज्ञानिक जाँ जाक दोझी यांनी १९३६ साली पाहिला, १९३९मध्ये त्यावर लिहिलं, आणि मग महायुद्धात सगळं मागे पडलं. फ्रीपोर्ट या अमेरिकन कंपनीचे भूवैज्ञानिक फोर्ब्स विल्सन तिथे पोचले १९६० साली, आणि तांबं बाहेर पडायला १९७२ उजाडलं. तिथून जेमतेम ३ किलोमीटरवरचा ग्रासबर्गचा अवाढव्य पोर्फिरी साठा (घुसलेल्या खडकातच बारीक विखुरलेलं तांबं) तर शेजारी खाणकाम चालू असताना, १९८८मध्ये हाती लागला. पेरूतल्या अंतामिनावर १९५०च्या दशकात शोधकाम झालं होतं. आजची खाण सुरू झाली २००१ साली. मधल्या काळात ‘तिथे काही नाही’ म्हणणारे भेटले नसतील असं मला वाटत नाही.

आता माझा अनुभव. मी ज्या प्रॉस्पेक्टवर, म्हणजे शोधकामाच्या जागेवर, होतो तिथे ग्रॅनोडायोराइट (ग्रॅनाइटसारखा, मॅग्मा थिजून झालेला खडक) चुनखडीत घुसलेला. कॉन्टॅक्टपाशी, म्हणजे दोन्ही खडक भेटतात त्या सीमेवर, तपकिरी गार्नेट, त्यात पायराइट (लोखंडाचं सल्फाइड) आणि चाल्कोपायराइट (तांबं-लोखंडाचं सल्फाइड). बाहेरच्या बाजूला गार्नेट हिरवट होत जातो, पायरॉक्झीन हे दुसरं खनिज वाढतं, आणि पुढे संगमरवर. निदान जुन्या लॉगमध्ये, म्हणजे बोअरच्या नोंदींत, तसं लिहिलेलं होतं. पांढरा खडक लागला की थोडं पुढे जाऊन बोअर बंद, हा आधीच्या मंडळींचा शिरस्ता.

मी शेडमधल्या पेट्या काढल्या, कोअर (बोअरमधून निघालेला खडकाचा दंडगोल) धुतला आणि पांढऱ्या भागावर पातळ आम्लाचे थेंब टाकत गेलो. काही ठिकाणी सणसणून फेस आला. तो खरा संगमरवर. बऱ्याच लांबीवर मात्र फेस येईना. भिंगाखाली लांबट, रेशमी चकाकीची पाती दिसली. वोलास्टोनाइट! म्हणजे सिलिका घेऊन आलेला गरम द्रव इथवर पोचला होता आणि चुनखडीशी त्याची प्रक्रिया झाली होती. त्या पात्यांच्या मधल्या फटींत जांभळट-निळी झाक चढलेला बोर्नाइट बसलेला. बोर्नाइटमध्ये वजनाने ६३ टक्क्यांच्या आसपास तांबं असतं, चाल्कोपायराइटमध्ये ३५च्या घरात. आणि त्या लांबीसमोर लॉगमध्ये काय, तर ‘संगमरवर, खनिज नाही’. नमुनाच घेतलेला नव्हता. कोअर करवतीखाली न जाता पेटीत अख्खा पडून होता.

खरं तर तांब्याच्या स्कार्नमध्ये हा क्रम नेहमीचा आहे. इंट्रूजनजवळ (घुसलेल्या खडकाजवळ) पायराइट-चाल्कोपायराइट, बाहेर जाताना चाल्कोपायराइट वाढतो आणि संगमरवराच्या कडेला, वोलास्टोनाइटच्या पट्ट्यात, बोर्नाइट. मी प्रकल्पप्रमुखांना हेच सांगितलं. त्यांचं लक्ष मॅग्नेटिक नकाशावरच्या लाल डागावर, म्हणजे मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाच्या खुणेवर. ‘मॅग्नेटाइट तिथे तांबं,’ हा त्यांचा एकच हेका. वोलास्टोनाइटच्या पट्ट्यात मॅग्नेटाइट जवळजवळ नसतोच, तिथे नकाशा थंडच दिसणार, हे परोपरीने सांगून पाहिलं. पैसे देणाऱ्यांपुढे लाल डाग ठेवणं सोपं होतं, म्हणून बोअर तिथेच पडले. लागला काय, तर घट्ट काळा मॅग्नेटाइट, तांबं नावापुरतं. हंगामाचे पैसे तिथेच संपले. मी पाठवलेल्या पांढऱ्या कोअरच्या तपासणीत तांबं निघालं, पण ते आकडे अहवालाच्या परिशिष्टात गेले आणि निष्कर्षात छापलं गेलं, ‘लक्ष्य तपासले, उल्लेखनीय तांबे नाही’. पुढे कोणी तो अहवाल वाचेल तो तुमच्यासारखंच म्हणेल.

तेव्हा सर्व्हेचं कोटेशन मागवण्याआधी कोअर शेड उघडा. प्रत्येक बोअर कोणत्या खडकात थांबवला, कोणत्या लांबीचे नमुने घेतलेच नाहीत, आणि बोअरने कॉन्टॅक्ट खरोखर छेदला की त्याला समांतर खाली गेला, हे तपासा. उभ्या कॉन्टॅक्टवर उभा बोअर मारून जागा बाद केल्याची उदाहरणं कमी नाहीत. कोअर हरवला असेल तर जमिनीवर उघड्या पडलेल्या गार्नेटचा रंग नकाशावर उतरवा. त्यातूनही आपण उष्णतेच्या स्रोताकडे चाललोय की त्यापासून दूर, हे बऱ्यापैकी कळतं.

सर्व्हेबद्दल: मॅग्नेटिक स्वस्त पडतो, तो आधी करा. पण त्यातून इंट्रूजनची कड आणि फॉल्ट (खडक तुटून सरकलेल्या जागा) शोधा, थेट बोअरची जागा ठरवू नका. आयपी नंतर. पायराइट आणि ग्रॅफाइटवाला शेल खडकही तांबं नसताना आयपीत उठून दिसतो, तेवढं ध्यानात ठेवा.

हेही सांगायला हवं की बोर्नाइटचे चार ठिपके म्हणजे खाण नव्हे. बहुतेक स्कार्न लहान असतात, आकाराने वेडेवाकडे असतात आणि दोन बोअरच्या मध्ये अचानक संपतात. तुमच्या तिन्ही कंपन्यांचं म्हणणं बरोबरही निघू शकेल. आणि मॅग्नेटाइटशी माझं वैर नाही. जुन्या कोअरमध्ये मॅग्नेटाइटला छेदून चाल्कोपायराइटच्या शिरा गेलेल्या दिसल्या तर लाल डागावर खुशाल बोअर मारा. दिसल्या नाहीत, आणि तरी कोणी हट्ट धरला, तर त्याला आधी शेडमध्ये नेऊन तो कोअर दाखवा.