पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा ओट्यावर बसून तू जे बोललीस ते डोक्यातून जात नाही. "नाना, अकरा महिने सरकारी ऑफिसात प्रशिक्षणार्थी म्हणून बसले. गावाला वाटलं, पोरगी नोकरीला लागली. आता कापूस वेचायला निघाले तर बाया हसतात, आणि अमळनेरला अभ्यासिकेत जाते म्हटलं तर आई विचारते, गाडीभाडं कोण देणार. सुरतला भावाकडे निघून जाऊ, की अजून एक फॉर्म भरू?"

धीर धर वगैरे मी सांगणार नाही. भिलाटीतून, भिल्लांच्या वस्तीतून, बी.ए. झालेल्या पोरीला धीर शिकवायची माझी लायकी नाही. मी एवढंच विचारतो की त्या कार्यालयातून बाहेर पडताना तू लेखी काय घेतलंस? तू म्हणालीस, "साहेब बोलले, पुढे काही निघालं तर आधी तुलाच बोलावू." बेटा, हे वाक्य मला पाठ आहे. त्याच वाक्यावर माझी उमेदीची वर्षं गेली.

मी रोजगार हमीवर हजेरी सहाय्यक होतो, हे तुला माहीत आहे. नालाबांध असो की पाझर तलाव, उन्हात उभं राहून मजुरांची हजेरी मांडायची. काम बंद पडलं की आम्हीही घरी. नवं काम निघालं की निरोप यायचा, "उद्यापासून ये." तोंडी. आम्ही जायचो, कारण घरात चूल होती. पुढे कायम करायची वेळ आली तेव्हा टेबलामागच्या माणसाने विचारलं, "सुरुवातीच्या वर्षांचे आदेश कुठे आहेत?" ज्या कार्यालयातून मस्टर निघायचं तेच कार्यालय म्हणालं, आमच्याकडे नोंद नाही. ती वर्षं पेन्शनच्या हिशेबात आजही नाहीत. गावोगावच्या माणसांची हजेरी मी मांडली आणि माझी कुणी मांडलेली नव्हती. तेव्हापासून मी पोच घेतो. दूध डेअरीत घेतो, तलाठ्याकडे घेतो, कलेक्टर कचेरीत घेतो. घरचे म्हणतात, नानांना खूळ लागलंय. लागलं असेल, पण ते खूळ मी सोडणार नाही आणि तुलाही लावून जाणार आहे.

रोजगार हमी आभाळातून पडली नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला ती करून पाहिली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैशासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला. म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापायचं आणि खेड्यातल्या रिकाम्या हाताला काम द्यायचं. इतकी सरळ, इतकी मोठी गोष्ट या राज्याने केली, याचा मला आजही अभिमान आहे. त्या कायद्याचा जीव एका अटीत होता. काम मागितल्यावर १५ दिवसांत काम द्या, नाहीतर बेकारभत्ता द्या. केंद्राने २००५ साली कायदा केला त्यातही हेच आलं. भत्ता पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा, पुढे किमान निम्मा. आता मला सांग, ते १५ दिवस कुठून मोजायचे? अर्जाच्या पोचेवर जी तारीख असेल तिथून. पोच नाही तर तारीख नाही, तारीख नाही तर भत्ता नाही. "ठेवून जा, बघतो" असं गोड का बोलतात, ते आलं ना लक्षात?

तुमच्याच भिलाटीतली पंचवीसेक पोरं एका कोरड्या वर्षी ग्रामपंचायतीत काम मागायला गेली होती. दुपारभर पायरीवर बसली. शेवटी एका वहीच्या मागच्या पानावर त्यांची नावं लिहून घेतली आणि "कळवतो" म्हणून परत पाठवलं. महिनाभर वाट पाहून पोरांनी मुकादमाची उचल घेतली आणि बायकापोरांसकट ऊसतोडीला, कोयत्यावर गेली. त्यात तुझा काका होता. त्याची दोन्ही लेकरं त्या हंगामात शाळेतून सुटली ती सुटलीच. मी नंतर माहितीच्या अधिकारात विचारलं. उत्तर आलं, "सदर कालावधीत कामाची मागणी निरंक." तो कागद माझ्या ट्रंकेत आहे, येशील तेव्हा दाखवतो. वर तालुक्याला, जिल्ह्याला, मुंबईला हेच गेलं, की या गावात काम मागणारा कुणी नाही. मग त्या गावासाठी कामाचा आराखडा कोण करील?

तुझं दुखणं इथेच आहे, म्हणून पुन्हा सांगतो. तू बेकार आहेस हे तुला माहीत आहे, तुझ्या आईला माहीत आहे. सरकारी मोजणीला माहीत नाही. केंद्राची श्रमबल पाहणी होते, तिच्या साप्ताहिक हिशेबात आठवड्यातल्या एखाद्या दिवशी तासभर काम केलेला माणूसही रोजगारात धरतात. तू गुरुवारी आईबरोबर किलोवर कापूस वेचलास, त्या आठवड्यात तू बेकार नाहीस. घरच्या शेळ्यांमागे फिरलीस तरी नाहीस. तुझी वहिनी चूल आणि पाणी सांभाळते आणि काम शोधायला बाहेर पडू शकत नाही, तर ती ना रोजगारात ना बेकारीत, ती मोजणीच्या बाहेरच. मी पाहणी करणाऱ्यांना दोष देत नाही, त्यांच्या व्याख्या जगभर चालतात. पण धोरण जर आकड्यांवर ठरणार असेल, तर आपण आकड्यात कसं यायचं हे आपल्यालाच बघावं लागेल. युरोपातल्या देशांनी २०१३ साली ठरवलं की पंचविशीच्या आतल्या मुलाला शिक्षण सुटल्यापासून किंवा नोकरी गेल्यापासून चार महिन्यांत काम, शिक्षण किंवा प्रशिक्षण यातलं काहीतरी चांगलं समोर ठेवायचं. चांगलं ठरवलं. पण रोजगार कार्यालयात ज्यांची नोंदच नव्हती ती मुलं तिथेही मागे राहिली. श्रीमंत देशात ही गत, तर तापीकाठच्या भिलाटीचं काय सांगावं?

तू म्हणशील, कागदाने पोट भरतं का. हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता राग येतो. नाही भरत! पण ज्यांची पोटं भरलेली आहेत त्यांचे सगळे कागद जागेवर आहेत, हे पाहिलंस का कधी? सातबारा, फेरफार, दाखले, सगळं. तुझा आजोबा जन्मभर सालदार, सालाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारा गडी. शेत नाही, शाळा नाही, म्हणून कुठे नाव नाही. जात पडताळणीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा शोधताना तुझ्या बापाची चप्पल झिजली, ती का? १९७२ साली शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग महाराजांनी भिल्ल सालदार-मजुरांना ताठ उभं केलं. लोकांना मोर्चे आठवतात. मला हेही आठवतं की आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा आला, आणि तो आल्यावर जमीन मिळवायला प्रत्येकाला आपापलं प्रकरण कागदावर उभं करावंच लागलं. तुमचे प्रशिक्षणार्थी कायम करा म्हणून मोर्चा काढतात, जरूर जा. पण निवेदन दिलंत की त्याच्या ओसीवर, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, आवक क्रमांक, सही, शिक्का आणि तारीख घेऊनच उठा. फोटो काय, सगळेच काढतात.

तू ज्या योजनेतून ऑफिसात बसलीस ती राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ साली आली तेव्हा मला बरं वाटलं होतं. पदवीधराला महिना दहा हजार, आयटीआयवाल्याला आठ, बारावीवाल्याला सहा. मुदत आधी सहा महिने, मग वाढवून अकरा. पोरीच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला, आणि भिलाटीतली पोरगी खुर्चीवर बसलेली गावाने पाहिली, ही लहान गोष्ट नाही. पण बाराव्या महिन्याचं काय, हे त्या योजनेत नाही. ते घालायला लावणं हे धोरणाचं काम आहे, आणि तुमच्या नोंदीशिवाय ते कुणी घालणार नाही.

तेव्हा त्या कार्यालयाकडे लेखी अर्ज कर, की मी या तारखेपासून या तारखेपर्यंत अमुक अमुक कामं केली, त्याचं प्रमाणपत्र द्या. कामं नावानिशी लिही, आवक-जावक सांभाळलं, दाखल्यांच्या नोंदी संगणकावर केल्या, असं. नुसतं "प्रशिक्षण पूर्ण" असलेला कागद घेऊ नकोस. राज्याच्या रोजगार नोंदणीच्या 'महास्वयं' या संकेतस्थळावरची नोंदणी जुनी झाली असेल, ती नवी कर. जळगावच्या एमआयडीसीत चटईचे, पाइपचे कारखाने आहेत, डाळ मिला आहेत. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. दारात उभी राहून "जागा आहे का" विचारू नकोस, अर्ज दे आणि पोच घे. एखाद्या दाखल्याला नाही म्हणाले तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने कारण लेखी द्यावं लागतं, ते माग. कर्मचारी वैतागतो, मागची रांग ओरडते, आपणच काही चुकीचं करतोय असं वाटायला लागतं. वाटू दे. खिडकी सोडायची नाही.

आणि ग्रामसभा. दवंडी चावडीपाशी संपते, भिलाटीत येत नाही, हे तुझं म्हणणं खरं आहे. आता निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, त्या ग्रुपमध्येही तुमची घरं नाहीत. म्हणून सभेची नोटीस आम्हाला वेगळी द्या असा अर्ज आधी दे. मग सभेत ठराव मांड, की गावातल्या अठरा ते पस्तीसच्या प्रत्येक बिनकामाच्या मुलामुलीची यादी ग्रामपंचायतीने करावी, भिलाटीपासून सुरुवात करावी, आणि ती तालुक्याला पाठवावी. हसतील. हसू देत. ठराव इतिवृत्तात आला का बघ आणि त्याची नक्कल मागून घे.

सुरतचं म्हणशील तर जा म्हणणार नाही आणि अडवणारही नाही. उधन्याला, लिंबायतला आपली इतकी माणसं आहेत की तिथेही अहिराणी कानावर पडेल. पण हे अर्ज दिल्याशिवाय गाडीत बसू नकोस. नाहीतर तू गेलीस हेही कुठे लिहिलं जाणार नाही.

सोमवारी सकाळी मी तालुक्याला निघतोय. प्रमाणपत्राच्या अर्जाच्या दोन प्रती काढून ठेव, खाली सही कर, तारीख तिथेच टाकू. स्टँडवर साडेनऊला ये. आईला सांग, गाडीभाडं मी देतो.

तुझा
नाना