मी सगळे नियम पाळतो, तरी लोक येऊन धडकतात. बेफिकीर चालकांपासून वाचायचं कसं?

एसटीत बत्तीस वर्षं चालक होतो. १९८७ ला लागलो, २०१९ ला निवृत्त झालो. कराड आगार, आणि त्यातली बरीच वर्षं कराड-चिपळूणच्या गाडीवर. विनाअपघात पंचवीस वर्षं झाली तेव्हा आगारात सत्कार झाला. नंतरची सात वर्षंही तशीच गेली. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

तुम्ही लिहिलंय की पुण्यात रोज स्कूटरने ऑफिसला जाता, सिग्नल तोडत नाही, राँग साइडने जात नाही, तरी वर्षभरात दोनदा लोकांनी धडक दिली आणि दोन्ही वेळा तुमची काहीच चूक नव्हती. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. हेच वाक्य मी बारा वर्षं आमच्या साडूंच्या तोंडून ऐकतोय.

२०१३ चा फेब्रुवारी. माझ्या मुलीचं लग्न ठरलेलं, एप्रिलची तारीख. पत्रिका वाटायला साताऱ्याला गेलो होतो. गाडी साडूंची, चालवत तेच होते, मी शेजारी. मागे उजवीकडे आमची मंडळी आणि डावीकडे मेहुणी. मेहुणीच्या मांडीवर पत्रिकांचा गठ्ठा, वरच्या पत्रिकांना हळद-कुंकू लावून ठेवलेलं. दुपारचे चार वाजले असतील. एका चौकात लाल सिग्नलला आम्ही सगळ्यांत पुढे उभे होतो.

सिग्नल हिरवा झाला. माझी नजर सवयीने आधी उजवीकडे गेली, मग डावीकडे. डावीकडून टेम्पो येत होता. टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेला, वर दोर आवळलेला. चालकाची मान एका बाजूला कलली होती, खांदा आणि कान यांच्यात फोन धरलेला. पण मला टेम्पो येतोय याची भीती वाटली नव्हती, चौकात गाड्या येतातच. भीती वाटली ती त्याचं नाक खाली बसत नव्हतं म्हणून. भरलेल्या गाडीला ब्रेक लागला की तिचं पुढचं अंग थोडं दबतं. स्टिअरिंगमागे वर्षं काढली की ते लांबूनही कळतं. लाल सिग्नल वीस-पंचवीस पावलांवर आला आणि तरी नाक सरळच आहे, म्हणजे हा माणूस थांबणार नाही.

मी म्हणालो, "पाव्हणं, थांबा जरा."

साडू म्हणाले, "अण्णा, सिग्नल आपलाय की." आणि क्लच सोडला.

चौक आम्ही जवळजवळ पार केला होता. टेम्पो मागच्या डाव्या दारावर आला. गाडी फिरून दुभाजकाला टेकली. आवाज थांबल्यावर मी मागे वळलो तर पत्रिका सगळ्या गाडीभर आणि मेहुणीच्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे त्यांच्यावर. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "दाजी, हात हलत नाही." मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं, गळ्याजवळचं हाडही. आमच्या मंडळींना मुका मार. साडूंना आणि मला खरचटलंसुद्धा नाही.

पुढे सगळं साडूंच्या बाजूने झालं. पंचनाम्यात चूक टेम्पोचीच लागली, चालकानेही कबूल केलं, गाडीचा क्लेम मिळाला. त्या पंचनाम्याची प्रत साडूंनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवली आहे. घरात कुठलंही कार्य असलं, जेवणं झाली, की विषय निघतो. "अण्णा, कागदावर आहे, माझी चूक नव्हती." मी म्हणतो, नव्हती. कधीच म्हटलं नाही की होती. पण दोन सेकंद थांबला असता तर तो टेम्पो तुमच्या नाकासमोरून निघून गेला असता आणि मेहुणी लग्नात हात गळ्यात अडकवून उभी राहिली नसती. तिला आजही भाकरी थापता येत नाही. डाव्या हातावर जोर पडला की कळ येते.

साडू शिक्षक होते, युक्तिवादात मला ऐकत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की सगळ्यांनीच वाट द्यायची ठरवलं तर नियम कशाला केलेत? तुमच्यासारखे लोक थांबतात म्हणून हे सोकावतात. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. म्हण बरोबर आहे, पण त्या काळाला वेसण घालायचं काम पोलिसांचं, आरटीओचं आणि कोर्टाचं आहे. मी चौकात माझ्या गाडीचं दार पुढे करून ते काम करायचं नसतं. माझ्यामागे पन्नास माणसं बसलेली असायची. कुंभार्ली घाटात वळणावर ओव्हरटेक मारत एखादी जीप माझ्या साइडला आली, तर मी चढतोय, चढणाऱ्या गाडीला वाट द्यायचा नियम आहे, हे सगळं खरं असूनही मी ब्रेकच दाबायचो. "ड्रायव्हर दादा, साइड तर आपली होती," असं मागून कोणी म्हटलं तर त्याला उत्तर द्यायच्या फंदात पडायचो नाही.

केंद्र सरकारच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यातल्या कितीतरी जणांची साइड बरोबर असणार.

आता तुमचा प्रश्न. हेल्मेट, आरसे, टायर हे तुम्हाला सांगत बसत नाही. मी नव्या चालकाला पहिल्या दिवशी एकच सांगायचो, समोरच्याने आपल्याला पाहिलेलं नाही असं धरून चाल. त्याला शिव्या देऊ नकोस, त्याला शहाणाही समजू नकोस. त्याने हात केला, मान हलवली, डिपर दिला, तरी गाडीचं चाक काय करतंय ते बघ. कडेला उभ्या रिक्षाचं पुढचं चाक रस्त्याकडे वळलेलं असलं की ती निघणार, मागचा दिवा लुकलुको न लुकलुको. इंडिकेटर चुकून चालू राहतो, चाक चुकून वळत नाही. उभ्या कारच्या मागच्या काचेतून चालकाचं डोकं दिसलं, की त्या बाजूचं दार उघडणार असं समजा आणि तीन-चार फूट लांबून जा, मागचा कितीही हॉर्न वाजवू दे.

आमच्या लाल गाडीबद्दल खास सांगतो, कारण दुचाकीवाल्यांचं इथेच चुकतं. बस डावीकडे वळताना तिचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने येत नाही, आत कापत येतं. तुम्हाला डावीकडे मोकळी जागा दिसते, तुम्ही स्कूटर घालता, आणि ती जागा बंद होत जाते. चालकाला तुम्ही दिसतच नाही. त्याच्या आरशात त्याचं तोंड तुम्हाला दिसत नसेल, तर त्यालाही तुमचं दिसत नाही. थांब्यावर उभ्या बसशेजारून जाताना तिच्या पुढून माणूस येणारच असं धरा. उतरलेला प्रवासी बस जायची वाट बघत नाही. बत्तीस वर्षांत मला असे वाट बघणारे फार थोडे दिसले.

अंतराचं म्हणाल तर पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात म्हणा, एकवीस, बावीस, तेवीस. तेवीसच्या आधी तुम्ही खांबाला पोचलात तर फार जवळ आहात. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते, म्हणजे अख्ख्या बसच्या लांबीपेक्षा जास्त, आणि तोवर आपला पाय ब्रेकवर पोचलेलाही नसतो. पुण्यात एवढं अंतर ठेवलं की कोणीतरी मध्ये शिरतो, हे मलाही माहीत आहे. शिरू दे. परत एकवीसपासून सुरू करा. दिवसातून दहाजण शिरले तरी ऑफिसला पोचायला फार तर एखादा मिनिट जास्त लागेल. साडूंना हे पटत नाही. त्यांना कोणी पुढे शिरलं की आपलं काहीतरी हिरावून घेतल्यासारखं होतं. मग ते त्याच्या मागच्या बंपरला चिकटून चालवतात, त्याला कळावं म्हणून. त्याला काही कळत नाही. तो गाणी ऐकत असतो.

हॉर्नवर विसंबू नका. हॉर्न वाजवून वेग तसाच ठेवणारा माणूस मला सिग्नल तोडणाऱ्याइतकाच धोक्याचा वाटतो. वाजवा, पण वाजवताना रेस सोडलेली असू दे. समोरून अप्पर मारत गाडी आली तर तिच्या दिव्यात बघू नका, रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी पट्टी धरा. आपण उलटा अप्पर मारला तर दोघेही आंधळे. आमच्या भागात ऊसाचा हंगाम सुरू झाला की रात्री दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टरवर उसाची पाचट लोंबतेय. अशा दिवसांत रात्री स्कूटर काढूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवसाही दिवा चालू असू दे. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाक्यांना तो आपोआप चालू राहतो, तुमची जुनी असेल तर बटण दाबावं लागेल.

इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर माझा सल्ला कोणाच्या अंगावर यायचा. हिरवा सिग्नल असताना चालत्या गाडीला कचकन ब्रेक मारू नका, मागचा येऊन बसेल. रेस सोडायची, हात ब्रेकवर ठेवायचा, आरशात बघायचं आणि मग पुढे जायचं. दुसरं म्हणजे मी पुण्यात स्कूटर चालवलेली नाही. बस घेऊन स्वारगेटला आलोय शेकडो वेळा, पण बसला लोक थोडं तरी घाबरतात. स्कूटरला कोण घाबरतो? कराडात निवृत्तीनंतर स्कूटर चालवतो तेव्हा हे रोज जाणवतं. मलकापूरच्या सर्व्हिस रोडला उलटे येणारे इतके असतात, की एखाद्या दिवशी मीच राँग साइडला आलोय की काय असं वाटतं.

आणि कारमध्ये मागे बसलात तर पट्टा लावा. त्या दिवशी मेहुणीने लावला नव्हता, आम्ही कोणी तिला सांगितलंही नाही. मीसुद्धा नाही, आणि ही चूक मात्र माझी होती, हे साडूंना मी अजून तोंडाने सांगितलेलं नाही. मागच्या पट्ट्याचा नियम तेव्हाही होता, पण ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ चारोटीला मागच्या सीटवर बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, तोवर आमच्यासारख्या घरांत त्याचं नावही कोणी काढत नव्हतं.

तुम्हाला दोन्ही वेळा धडक कुठून बसली ते तुम्ही लिहिलेलं नाही. मागून बसली असेल तर ब्रेक थोडा आधी आणि हलका लावायला लागा, म्हणजे मागचा दिवा लवकर पेटतो. सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीच्या अगदी मधोमध मागे न थांबता जरा कडेला थांबा, निसटायला फट राहते. चौकात आडवी बसली असेल तर हिरवा झाल्यावर किती सेकंदांनी निघालात ते आठवून लिहा, मग पुढचं सांगतो.