पुढच्या टायरला खळगे पडले, तर…

प्रश्न : माझ्याकडे १५० सीसीची मोटारसायकल असून दर आठवड्याला कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला जाणे-येणे होते. पुढचा टायर १४ हजार किलोमीटर चालला आहे. त्याची उजवी बाजू जास्त झिजली आहे, हात फिरवला तर जागोजागी खळगे लागतात आणि ५०च्या पुढे घुमल्यासारखा आवाज येतो. टायर उलटा करून बसवला, तर झीज सारखी होईल, असे पंक्चरवाल्याचे म्हणणे आहे. तसे करावे का?
— एक वाचक, कराड

उत्तर : कृपया तसे करू नका. टायरच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो आणि त्याची नक्षी व बांधणी त्याच दिशेसाठी केलेली असते. पावसात घाट उतरताना सारी भिस्त ज्या चाकावर असते, त्यावर असा प्रयोग नको.

उजव्या बाजूच्या झिजेची फार काळजी नसावी. आपण रस्त्याच्या डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे उजवे वळण बाहेरून, लांबून घ्यावे लागते आणि डावे आतून थोडक्यात उरकते. शिवाय रस्ता मध्ये उंच व कडेला उतरता असल्याने सरळ जातानाही टायरची उजवीकडची बाजू किंचित जास्त टेकते. मात्र गाडी पूर्वी कधी जोरात आपटली असेल आणि तेव्हापासून एका बाजूला ओढत असेल, तर शॉकअपचे पाइप वाकले आहेत का, हे तपासून घ्यावे.

खळगे ही खरी तक्रार आहे. ब्रेक दाबला की पुढच्या टायरच्या नक्षीतला प्रत्येक ठोकळा मुडपतो आणि त्याची एकच कड जमिनीवर घासली जाते. म्हणूनच तळहात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागतो आणि उलट फिरवला की करवतीसारखा अडतो. हवा कमी असेल, तर हे मुडपणे वाढते. त्यात शॉकअपचे तेल जुने झालेले किंवा ऑइल सीलमधून गळालेले असेल, तर चाक रस्त्यावर दाबून न राहता थडथडत चालते आणि जिथे आपटते तिथे खळगा पडतो.

कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळते ते बेअरिंग, ढिला असला तरी चाक असेच थडथडते; तो घरीच पाहता येतो. गाडी मेन स्टँडवर लावून कोणाला तरी मागच्या बाजूने दाबायला सांगावे, म्हणजे पुढचे चाक उचलले जाईल. मग शॉकअपचा खालचा भाग दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवावा. ‘टक्’ असा धक्का जाणवला, तर कोनसेट ढिला आहे, आणि हँडल सावकाश वळवताना नेमके मध्यावर अडकले, तर तो बदलायलाच हवा. त्याच वेळी चाक फिरवून रिम आउट आहे का, म्हणजे वाकडी होऊन डगमगते का, आणि चाक आडवे हलवून बेअरिंगमध्ये खेळ आहे का, तेही पाहावे.

हा दोष काढल्याशिवाय नवा टायर घेतलात, तर काही हजार किलोमीटरांत त्यालाही असेच खळगे पडतील. आताचे खळगे मात्र दुरुस्तीनंतरही भरून येणार नाहीत. ते खोल असतील किंवा नक्षी कुठेही ०.८ मिलिमीटरच्या खुणेला टेकली असेल, तर टायर बदलावाच. हवा दर आठवड्याला, गाडी थंड असताना तपासावी. या वर्गातल्या अनेक गाड्यांना पुढे २५ पीएसआय लागते, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा.