सातबाऱ्यावर नऊ आर कमी आणि नकाशात विहीर शेजाऱ्याकडे: आधी काय करावं

दादा, तुमच्या वडिलांच्या हस्तलिखित सातबाऱ्यावर १ हेक्टर २१ आर आहे, महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर १ हेक्टर १२ आर दिसतंय, आणि भूनकाशा या ऑनलाइन नकाशात तुमची विहीर शेजारच्या गटात गेलीय. म्हणून तुम्ही दावा लावायच्या विचारात आहात. जरा थांबा. क्षेत्राचा घोळ महसूलकडे सुटतो आणि नकाशाचा भूमी अभिलेखकडे. दोन्ही एकाच अर्जात घातलेत तर फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहील.

आधी क्षेत्र. २१ चे १२ झालेत म्हणजे टंकताना आकडे उलटले असावेत असं मलाही वाटतं. तरी पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) धरून बेरीज करून बघा. जुन्या उताऱ्यावरचं एकूण क्षेत्र आणि नव्यावरचं फक्त लागवडीचं क्षेत्र शेजारी ठेवून घाबरलेली माणसं मी पाहिलीत. बेरीज जुळली नाही तर भूमी अभिलेखमधून गटाच्या आकारबंदाची, म्हणजे गटाचं मोजून ठरलेलं क्षेत्र लिहिलेल्या नोंदीची, नक्कल काढा. आकारबंदात २१ असेल तर तुमची बाजू भक्कम. तिथेच १२ असेल तर मामला टंकनापलीकडचा आहे, मग जाणकार वकिलाला कागद दाखवा.

त्यानंतर शेवटचा हस्तलिखित सातबारा आणि त्यापुढचे सगळे फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) काढा. रस्त्याला जमीन गेली, कुणी तुकडा विकला, असं काही फेरफारात नसेल आणि तरी क्षेत्र बदललं असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली दुरुस्ती मागा. ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून अर्ज करता येतो. अर्ज दिला की पोच जपून ठेवा.

आमच्या घरात हे घडलंय. २०१७ साली गावात चावडी वाचन (गावासमोर उतारे वाचून दाखवणं) झालं, तेव्हा कळलं की संगणकीकृत उताऱ्यात 'इतर हक्क' या रकान्यातलं आत्याचं नावच गायब आहे. आत्या समोर बसलेली. तिने विचारलं, "मग मी कोण?" मला काही बोलता आलं नाही. कार्यालयात म्हणाले, मूळ फेरफार आणा. अभिलेख कक्षात चार खेपा झाल्या तेव्हा कुठे नोंदवहीचं ते पान निघालं. कडा झिजलेल्या, पण निळ्या शाईतलं आत्याचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. त्या एका नकलेवर नाव परत लागलं. म्हणून सांगतो, घरातला एकही जुना उतारा टाकू नका. तुमच्याही बहिणींची नावं आजच तपासा.

आता विहीर. भूनकाशा हा जुन्या कागदी नकाशांवरून केलेला आहे. ते कागद वर्षानुवर्षं घड्या घालून ठेवलेले, काही आकसलेले, काही फाटलेले. त्यावर उपग्रहाचं चित्र ठेवलं की रेघ सरकते. त्यात जमिनीचे तुकडे जोडायच्या एकत्रीकरण योजनेत गट पडले, पण पुढे भावाभावांत झालेल्या वाटण्या अनेक ठिकाणी नकाशावर उतरल्याच नाहीत. मोबाइलवरची रेघ बघून कुणीही बांधाला हात लावू नये, तुम्हीही नाही आणि शेजाऱ्यानेही नाही. हद्द ठरवायची तर हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. गटाचा नकाशा, जुनं टिपण (जुन्या मोजणीच्या मापांचा कागद) मिळालं तर तेही, हाताशी ठेवा.

अर्ज करण्याआधी मात्र शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसा. मोजणीची नोटीस त्याला जाणारच आहे. ती कागदातून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू दे. माझ्या माहितीत अशी भांडणं झालीत की मोजणीत फरक निघाला दीड हाताचा आणि दोन घरांचं येणंजाणं दहा वर्षं बंद.

आणि एक राहिलं. महाभूलेखवरचा फुकट उतारा फक्त माहितीसाठी असतो. अर्जाला १५ रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा जोडा. दुरुस्ती होईपर्यंत 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या गावाच्या फेरफार नोटिसा आठवड्यातून एकदा बघत जा. तुमच्या गटावर कुणी नोंद धरली तर हरकतीला १५ दिवस असतात. आकारबंद हातात आला की त्यातला आकडा इथे लिहा, पुढचा अर्ज कसा करायचा ते मी सांगतो.