धुरा कोरला, आता मन टोचतं

प्रश्न : चुलतभावाच्या वावराचा धुरा (बांध) मी तीन वर्षं थोडा-थोडा कोरला. चर्चमध्ये रडून कबुली देतो, तरी टोचणी जात नाही. देवानं क्षमा केली नाही का? – एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : कबुलीला क्षमेचं वचन आहे (1 योहान 1:9), किती रडलात यावर ती ठरत नाही. पण तुमचा नांगर अजून त्याच तासात (नांगराच्या ओळीत) चालतोय. पश्चात्ताप म्हणजे वळणं.

पेरणीआधी भावाकडे एकटेच जा. ‘चुकलं असेल तर माफ कर’ नको. ‘तुझे दोन तास दाबले’ असं मोजून सांगा. जुनी खूण सापडत नसेल तर भूमी अभिलेखची सरकारी मोजणी मागवा, फी तुम्ही भरा. मग पीक. गणना 5:7 मध्ये पूर्ण भरपाई आणि वर पाचवा हिस्सा सांगितलाय : त्या पट्ट्यात 50 किलो कापूस निघाला असेल, तर 60 किलोचे पैसे. जकातदार जक्कयानं तर लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं (लूक 19:8). यानं क्षमा विकत मिळत नाही, ती ख्रिस्तानं दिलीच आहे. हे भावाचं देणं. बहुतेकांचं गाडं इथंच अडतं, वेदीपुढं रडणं त्यामानानं सोपं!

भाऊ चार शब्द ऐकवेल. ऐकून घ्या. ‘तूही माझ्या वावरात पाणी सोडलंस’ हे त्या दिवशी काढू नका.