एकबारी शिकारी पिस्तुलाला काडतूस कोणते? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हरणाच्या शिकारीसाठी थॉम्पसन सेंटरचे एकबारी पिस्तूल घ्यायचे आहे. अंतर फार तर दीडशे मीटर. काडतूस .३०८ विंचेस्टर घ्यावे की .३०-३०? रायफलच्या तक्त्यात .३०८ कितीतरी पुढे दिसते.

उत्तर : तक्ता बाजूला ठेवा आणि आधी फ्रेम (नळी जिच्यावर बसते तो सांगाडा) कोणती ते सांगा. कारण थॉम्पसन सेंटरची हलकी फ्रेम, म्हणजे काँटेंडर असेल, तर .३०८ चा प्रश्नच उरत नाही.

बार उडाला की काडतुसाचे बूड मागच्या ब्रीचवर, म्हणजे फ्रेमच्या भिंतीवर आदळते. हा जोर दाब आणि बुडाचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराइतका असतो. .३०-३० चा कमाल दाब 42,000 पीएसआय (चौरस इंचावर पौंड) आणि बुडाचा व्यास सुमारे 10.7 मिमी, म्हणजे जोर साधारण 2.7 टन. .२२३ चा दाब 55,000, पण बूड बारीक असल्याने जोर पुन्हा 2.8 टनांच्या आसपास. .४४ मॅग्नमचे बूड जाड, दाब 36,000, उत्तर तेच. .३०८ मात्र 62,000 पीएसआय आणि जवळजवळ 12 मिमी बूड, म्हणजे पाच टनांच्या घरात. (बाहेरचा व्यास धरला आहे. प्रत्यक्ष जोर थोडा कमी भरतो, तुलना मात्र बदलत नाही.) 1967 साली आलेली काँटेंडरची फ्रेम पहिल्या गटासाठी आहे. .३०८, .२४३, ७मिमी-०८ यांच्यासाठी त्याच कंपनीची एन्कोर आहे. ती जाड आहे, जड आहे आणि दोघींच्या नळ्या एकमेकींना बसत नाहीत.

आता समजा एन्कोरच आहे. .३०८ ची 150 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी 24 इंची रायफलमधून सेकंदाला 860 मीटरने सुटते. 15 इंची नळीतून ती 760 च्या आसपास येते, कारण वायूंना गोळी ढकलायला लांबी कमी मिळते आणि त्यांचा बराच जोर नळीबाहेर वाया जातो. त्याचा भडका आणि आवाज मात्र पूर्ण तुमच्या वाट्याला. .३०-३० मध्ये दारू कमी, म्हणून आखूड नळीत नासाडीही कमी. धक्क्याचा हिशेब केला तर दोन किलोंच्या एन्कोरला .३०८ मध्ये साधारण 33 जूल येतात, 1.8 किलोंच्या काँटेंडरला .३०-३० मध्ये 23 जूल. रायफलमध्ये हे आकडे किरकोळ वाटतील. इथे खांदा नाही, सगळे मनगटावर आणि अंगठ्याच्या बेचक्यात. सराव कमी झाला की चाप ओढताना डोळे मिटायला लागतात आणि मग काडतूस कोणतेही असले तरी नेम जातो.

दीडशे मीटरला .३०-३० पुरते. 14 इंची नळीतून 130 ग्रेनची टोकदार गोळी सेकंदाला 685 मीटरच्या वेगाने निघाली, तर 150 मीटरला सुमारे 1,400 जूल उरतात. हरणासाठी शिकारी लोक 1,350 जूलचा ठोकताळा धरतात. आमचे मत विचाराल तर दोनशे मीटरपलीकडे जायचेच असेल तेव्हा एन्कोर आणि ७मिमी-०८ पाहा. .३०८ मध्ये धक्का वाढतो, त्या मानाने हाती फारसे लागत नाही. आणि परवान्याआधी नियम वाचा: अमेरिकेत राज्यागणिक किमान कॅलिबर, नळीची लांबी, ऊर्जा यांच्या अटी वेगळ्या आहेत.

प्रश्न : .३०-३० मध्ये टोकदार गोळी चालते का? सगळीकडे चपट्या नाकाचीच सांगतात.

उत्तर : चपटे नाक लिव्हर रायफलसाठी, म्हणजे चापाजवळचा दांडा ओढून काडतूस भरणाऱ्या रायफलसाठी. तिच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये एका गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्राइमरला (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीला) टेकते, तेव्हा टोकदार गोळी म्हणजे अपघाताला आमंत्रण. एकबारी पिस्तुलाला मॅगझिनच नाही, इथे टोकदार गोळी बिनधास्त वापरा. फक्त असे भरलेले काडतूस घरातल्या लिव्हर रायफलच्या डब्यात जाणार नाही याची खबरदारी घ्या. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

खरी अडचण टोकाची नाही, गोळीवरच्या धातूच्या कवचाची आहे. .३०८ किंवा .३०-०६ साठी बनवलेल्या 165-180 ग्रेनच्या कडक गोळ्यांना जनावरात शिरून फुलायला वेग लागतो. पुष्कळशा रायफल गोळ्या सेकंदाला 550 मीटरच्या खाली नीट फुलत नाहीत. बारीक भोक पाडून आरपार जातात आणि जनावर जखमी होऊन पळते. पिस्तुलाचा वेग त्या सीमेवर लवकर येतो. म्हणून पातळ कवचाची, 125-130 ग्रेनची गोळी घ्या. हॉर्नडीने एसएसपी नावाच्या गोळ्या खास एकबारी पिस्तुलासाठीच काढल्या होत्या. काडतूस निवडण्यात महिना घालवणारे लोक गोळी दुकानात जी मिळेल ती उचलतात. हे उलटे व्हायला हवे.

प्रश्न : .४४ मॅग्नम रिव्हॉल्वर आहेच. नळीही त्याच काडतुसाची घेतली तर?

उत्तर : सोयीचे आहे. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट नसल्याने आणि नळी लांब असल्याने वेग वाढतो, शिवाय बुडाला कड (रिम) असल्याने पुंगळी बाहेर काढायला सोपी. पण 240 ग्रेनची ती बोथट गोळी हवेत लवकर मंदावते आणि शंभर मीटरपलीकडे झपाट्याने खाली जाते. दाट रानात, जवळच्या अंतरावर उत्तम. मोकळ्या माळावर नको.

प्रश्न : घरी भरलेली .३०-३० काडतुसे काँटेंडरमध्ये कधी उडतात, कधी उडत नाहीत. दोन पुंगळ्या (काडतुसाची पितळी कवचे) बुडाजवळ फाटल्या. नळी खराब आहे का?

उत्तर : बहुधा नळी ठीक आहे, साइझिंग डाय (उडालेली पुंगळी पुन्हा मापात दाबणारा साचा) चुकीचा बसवला आहे. बार उडाला नाही तर पिस्तूल समोर रोखून अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा. आणि जुनी फ्रेम असेल तर आधी हॅमरवरचा (घोड्यावरचा) खटका बघा. तो रिमफायरवर (बुडाच्या कडेवर मार लागणाऱ्या काडतुसांच्या खुणेवर) राहिला असेल तर फायरिंग पिन मधल्या प्राइमरवर पडणारच नाही.

मग नळी फ्रेमवरून उतरवा. चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) पुसून कोरडे करा, साइझ केलेली रिकामी पुंगळी बोटाने आत सोडा. तिचे बूड नळीच्या मागच्या पृष्ठभागाशी सपाट यायला हवे. नखाला ते वर लागले, तर पिस्तूल बंद झाल्यासारखे वाटते, पण कुलूप पूर्ण बसत नाही आणि हॅमर पडूनही बार होत नाही. बूड सपाट असेल तर प्राइमर तपासा: तो बुडापेक्षा किंचित खाली हवा. वर राहिला असेल तर पिनचा पहिला मार त्याला आत ढकलण्यातच जातो.

फाटण्याचे कारण वेगळे. .३०-३० चेंबरमध्ये बुडाच्या कडेवर टेकते, त्यामुळे पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) फार मागे दाबला गेला तरी काडतूस उडते. पण उडताना पुंगळी पुढे चेंबरच्या खांद्यापर्यंत ताणली जाते आणि बुडाजवळ पातळ होते. उरलेल्या पुंगळ्या उजेडात धरा: बुडाच्या कडेच्या वर सेंटीमीटरभर अंतरावर चकचकीत वळे दिसेल. तारेचे टोक वाकवून आतून फिरवा, खाच लागली की ती पुंगळी फेकून द्या.

उपाय असा. डाय एक पूर्ण आटा वर घ्या आणि याच पिस्तुलात उडालेली पुंगळी साइझ करून चेंबरमध्ये टाका. मग डाय फेऱ्याच्या आठव्या-आठव्या भागाने खाली फिरवत जा. डायला इंचाला 14 आटे असतात, म्हणजे फेऱ्याचा आठवा भाग जवळजवळ पाव मिलिमीटर; शेवटी सोळाव्या भागाने किंवा त्याहून कमी फिरवा. पुंगळी सहज सपाट बसली की तिथेच नट कसा. भरण्यापूर्वी डायचे वंगण पुसा. तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि सगळा जोर ब्रीचवर जातो.

प्रश्न : .२२३ ने हरीण?

उत्तर : आमच्याकडून नाही. धक्का जेमतेम 8 जूल, म्हणून सरावाला आणि लहान उपद्रवी प्राण्यांसाठी छान. आतल्या खाचांचा 12 इंचांना एक फेरा असलेल्या जुन्या नळीत 55 ग्रेनपेक्षा जड गोळी घालू नका, ती आडवी जाते.

प्रश्न : .४५ कोल्ट आणि .४१० छर्रे दोन्ही चालणारी नळी मिळते आहे. एकात दोन कामे होतील?

उत्तर : होतील, पण चोक आठवणीने. छर्ऱ्यांसाठी नळीच्या टोकाला चोक (तोंड अरुंद करणारा तुकडा) लावतात. .४५ ची गोळी उडवण्याआधी तो काढलाच पाहिजे. काढलेला चोक खिशात ठेवू नका; .४५ च्या डब्यातच ठेवा, म्हणजे डबा उघडला की तो हातात आलाच नाही तर नळीवर आहे हे कळेल.